मांगरावरचं सोलर आणि एकट्याने उचललेली बॅटरी

देवगड तालुक्यात आमची हापूसची थोडी कलमं आहेत. बागेत एक मांगर आहे. चिऱ्याच्या चार भिंती, वर पत्रा, आत फवारणीचा पंप, पाइप, क्रेट आणि हंगामात राखणीला राहणाऱ्या माणसाची खाट. विजेचा खांब लांब. मी राहतो डोंबिवलीत, म्हणजे वर्षातून चार-पाच खेपा. राखणदार दर वर्षी एकच गोष्ट मागायचा, रात्री दोन दिवे आणि एक पंखा. म्हणून गेल्या डिसेंबरात सोलर बसवून घेतलं आणि व्यवस्थित फसलो.

हिशोब मी स्वतः केला होता, त्याचा थोडा गर्वही होता. ९ वॅटचे दोन दिवे पाच तास म्हणजे ९० युनिट नव्हेत, ९० वॅट-तास. २० वॅटचा डीसी पंखा आठ तास, म्हणजे १६०. मोबाइल धरून रात्रीचे पावणेतीनशेच्या आत. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवण्याची क्षमता) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची म्हटलं तरी तीन रात्री सहज. ती भरायला १५० वॅटचं पॅनल पुरे. एवढं सगळं वहीत लिहून मी सोलर बसवून देणाऱ्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, "काका, तुमका तर सगळाच म्हायती!" इथेच माझी अक्कल गहाण पडली.

ठरले २८,५०० रुपये, वर ३,००० 'फाइलचे'. बिल मागितलं तर, "बिल कित्याक व्हया, मी घरचोच माणूस." एका चिठ्ठीवर 'सोलर सेट १ नग' एवढं लिहून मिळालं. ना जीएसटी नंबर, ना पॅनलचा सीरियल नंबर, ना बॅटरीचा.

बसवायच्या दिवशी जे घडलं ते आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो. रस्त्यापासून मांगरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून जावं लागतं. त्याच्याबरोबरचा पोरगा, असेल विशीचा, बॅटरी एकट्याने खांद्यावर मारून तरातरा उतरला. मी त्याचं तोंडभर कौतुक केलं, वर चहाला पन्नास रुपये दिले. अॅसिडने भरलेली १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर असते. ती एकट्याने खांद्यावर घेऊन कोणी पाखाडी तरातरा उतरत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही.

जानेवारीत राखणदाराचा फोन, पंखा दहाला बंद पडतो. त्या माणसाला विचारलं. म्हणाला, नवी बॅटरी आहे, पाच-सहा वेळा भरली की सुधारेल. पुढच्या वेळी पॅनलवरची धूळ. त्याच्या पुढच्या वेळी, कलमाची सावली पडते. यातलं सावलीचं कारण खोटं नाही हो, तीच तर पंचाईत. पॅनलमधल्या चकत्या एकीला एक जोडलेल्या असतात, दोन-चारांवर जरी फांदीची सावली आली तरी सगळ्या पॅनलची ताकद पडते. म्हणून मी फोनवरून सांगून एक फांदी तोडायला लावली. मोहोर धरलेली फांदी. पंखा दहालाच बंद पडत राहिला.

मार्चमध्ये भाच्याला घेऊन गेलो. त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आहे. मला वाटलं आधी मीटर काढेल. त्याने टेप मागितला.

पॅनल भरलं ७८ बाय ६७ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा चौरस मीटर आणि वर थोडं. "मामा, भर दुपारचं कडक ऊन एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट पडतं. इथे पडतं सव्वापाचशे. त्यातून दीडशे काढायचे तर पॅनल २९ टक्क्यांचं हवं. बाजारात मिळतात ती साधारण १४ ते २२ टक्क्यांची." मग त्याने मागचं स्टिकर नखाने उचकटलं. खाली दुसरं स्टिकर खरवडलेलं होतं, पण ७५ हा आकडा वाचता येत होता. शेवटी मीटर लावला. वरच्या स्टिकरप्रमाणे पॅनलच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्यावर ८.७ अँपिअर यायला हवे होते. भर बारा वाजता आले ४.३.

पॅनल आणि बॅटरीच्या मधला डबा म्हणजे कंट्रोलर, तो बॅटरी भरणं सांभाळतो. त्यावर मोठ्या अक्षरांत 'एमपीपीटी' छापलेलं, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा महागडा प्रकार. चार स्क्रू काढले, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं नाही. एमपीपीटीला ते लागतंच, त्यामुळे तो डबा हातात जड लागतो. आमचा साबणाच्या वडीएवढा हलका. पीडब्ल्यूएम नावाचा साधा, स्वस्त प्रकार होता तो. साध्यानेही काम भागतं, थोडी वीज वाया जाते इतकंच. पण पैसे एमपीपीटीचे घेतले होते.

बॅटरी उचलून काजूबी घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर नेली. ३१ किलो! टर्मिनलवर कारखान्याचा कोड ठोकलेला असतो, तिथे ग्राइंडर फिरवलेला. कुठल्या तरी जुन्या बॅटरीला रंग आणि नवा कागद चिकटवलेला. व्यापारी म्हणाला, काजूत खडे घालतात तेवढेच आम्हाला दिसतात.

आता त्या ३,००० रुपयांबद्दल, कारण यात माझ्यासारखे बरेच सापडतात. तो म्हणाला होता, सूर्यघर योजनेतून सबसिडी येईल. २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना राहत्या घरासाठी आणि वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या छतासाठी आहे. १ किलोवॅटला ३०,००० पासून ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत अनुदान आहे, ते थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतं आणि अर्ज सरकारी पोर्टलवर होतो. लाइन नसलेल्या मांगराला, बॅटरीवरच्या ७५ वॅटला, त्यात काही नाही. मी पोर्टल उघडून दहा मिनिटं वाचलं असतं तरी कळलं असतं. नाही वाचलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पहिला प्रश्न, बिल आहे का? ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे समजलं. पण हातात फक्त ती चिठ्ठी. नशिबाने २०,००० यूपीआयने दिले होते, त्याची नोंद होती. ती नोंद आणि काट्यावरचा फोटो त्याला पाठवून, आयोगात जातो म्हटल्यावर ९,००० परत आले. बाकीचे 'हंगाम झाल्यावर'. हंगाम झाला, पावसाळाही झाला.

पॅनल ७५ वॅटचं म्हणून ठीक चालतं, ते ठेवलं. बॅटरी नवी घेतली, कणकवलीहून, पक्क्या बिलावर नंबर लिहून. ती आणायला दोन माणसं आली होती. बांबूला दोर बांधून पाखाडी उतरताना दोघंही घामाघूम झाले, अर्ध्यावर टेकवली तेव्हा एकाने तिला सणसणीत शिवी हासडली. मला फार बरं वाटलं.