पाकिटावर 'एस-२', आत मऊ लोखंड : स्क्रू-बिटांच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

पुण्यात गेली सोळा वर्षे मी फर्निचर आणि मॉड्युलर किचनची कामे करतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर इम्पॅक्ट ड्रायव्हरचे, म्हणजे ठोके देत स्क्रू पिळणाऱ्या मशीनचे, बिट (मशीनच्या तोंडात बसवायची पोलादी टोके) घेताना माझी फसवणूक झाली. तसाच माल पुढे आणखी दोन कारागिरांच्या हातात मी पाहिला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ज्या कंपनीचे दहा बिटांचे पाकीट मला एरवी साडेतीनशे रुपयांच्या आसपास पडते, तेच पाकीट एका घाऊक विक्रेत्याने १४० रुपयांना देऊ केले. माल अस्सल आहे, फक्त बिलाशिवाय आला असल्याने स्वस्त पडतो, असे त्याने सांगितले आणि कामांची गर्दी असल्यामुळे मी तीस पाकिटे उचलली. पाकिटावर कंपनीचे नाव, 'एस-२' पोलादाचा उल्लेख, 'इम्पॅक्ट' हा शब्द आणि 'पीझेड २' (पोझिड्राइव्ह खाचेच्या स्क्रूंसाठीचे) हे माप, असे सारे काही ठळक छापलेले होते. जे छापलेले नव्हते ते मी तेव्हा पाहिलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सिंहगड रस्त्यावरील एका घरी पांढऱ्या ॲक्रिलिकच्या शटरना, म्हणजे कपाटांच्या दारांना, बिजागऱ्या बसवायच्या होत्या. दुपारपर्यंत चौदा बिट निकामी झाले. आधी मला वाटले की माझ्या मुलाचा हात मशीनवर नीट बसत नाही, आणि मी त्याला चार माणसांसमोर बोललोही. याचे वाईट आजही वाटते. नंतर एक बिट उन्हात धरून पाहिला, तेव्हा त्याच्या टोकाच्या चारही पाकळ्या पिळलेल्या फडक्यासारख्या एका बाजूला वळलेल्या दिसल्या. वरचा काळा थर नखाने निघत होता. त्याच पाकिटातील दुसरा बिट मात्र पहिल्याच स्क्रूवर कट्कन तुटला होता. काही बिट मऊ आणि काही ठिसूळ, याचा सरळ अर्थ असा की पोलादाला पाणी देण्याचे काम नीट झालेलेच नव्हते. एस-२ हे सिलिकॉन व मॉलिब्डेनम असलेले, धक्का सोसण्यासाठी बनवलेले हत्यारी पोलाद आहे. पण योग्य तापमानाला तापवून, विझवून आणि पुन्हा बेताने तापवून घेतल्याशिवाय त्याच्या अंगी तो गुण येत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर मिनिटाला तीन हजारांहून अधिक ठोके देतो, आणि तेथे ही उणीव लपत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी लक्षात आली. पीझेड बिटाच्या चार मुख्य पाकळ्यांच्या मधल्या कोनांत चार बारीक कडा असतात, त्या या बिटांना नव्हत्याच; म्हणजे माप पीझेडचे छापून आत साधे पीएच (फिलिप्स खाचेचे) बिट भरलेले होते. आमच्या बिजागऱ्यांचे स्क्रू पीझेडचे असल्यामुळे बिट खाचेत सैल बसे आणि जोर लागताच वर निसटे. अशा निसटण्याने दोन शटरवर खोल ओरखडे उठले आणि ती शटर मला स्वतःच्या खर्चाने बदलून द्यावी लागली. बिटांचे ४,२०० रुपये गेले, पण शटरचा खर्च त्याच्या दुपटीहून अधिक झाला, आणि ग्राहकाच्या घरात मान खाली घालून उभे राहावे लागले ते वेगळेच.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याने पाकिटे उघडलेली असल्याचे कारण सांगून हात वर केले. माझ्याजवळ होता फक्त आकडे लिहिलेला एक चिठोरा. बिल न देणे, तसेच बिलात मुदत लिहिलेली नसताना सदोष माल तीस दिवसांच्या आत परत न घेणे, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तो कायदा सहसा लागू होत नाही, परंतु केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसते, हे माझ्यासारख्या कारागिरांनी जरूर लक्षात ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी लावला, पण खरेदीचा पुरावा दाखवा म्हटल्यावर माझ्याकडे दाखवण्यासारखे काही नव्हते.

आता मी पाकीट हाती घेतले की आधी मागची बाजू वाचतो. उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, किरकोळ विक्रीची कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क ही माहिती पाकीटबंद मालावर असणे बंधनकारक आहे. त्या तीस पाकिटांवर कंपनीचे नाव सोडले तर यातील फक्त किंमत होती. खिशात एक छोटी कानस ठेवतो. बिटाच्या टोकाजवळ ती हलकेच फिरवली असता घसरत गेली तर पोलाद कडक आहे, आणि चावली, चमकता कीस निघाला, तर बिट मऊ आहे. ठिसूळपणा मात्र कानशीने कळत नाही. म्हणून पक्के बिल घेऊन आधी एकच पाकीट आणतो, प्लायवूडच्या तुकड्यात त्यातल्या दोन बिटांनी पन्नास-पन्नास स्क्रू भरतो, आणि टोके जशीच्या तशी राहिली तरच पुढची पाकिटे मागवतो.