डिरेक्टरी मोठी होताना मध्येच अडलं तर: एक्सएफएस, ईएक्सटी४ की बीटीआरएफएस?

रोज हजारो स्कॅन केलेल्या फाइली साठवायच्या असतील, तर वेगाचे आकडे नंतर बघा. आधी विचारा, डिरेक्टरीची (फोल्डरची) मांडणी बदलत असताना एरर आली तर ही फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, काय करते? एक्सएफएस, ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस या लिनक्सवरच्या तीन फाइलसिस्टीम.

लाइट जाणं तसं सोपं. जर्नलमुळे (बदल आधी टिपून ठेवणारी नोंदवही) पुढच्या माउंटला, म्हणजे फाइलसिस्टीम पुन्हा जोडताना, अर्धवट काम पुरं होतं किंवा सोडून दिलं जातं. अवघड असतं ते मशीन चालू असतानाच नवा ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचा तुकडा) न मिळणं किंवा डिस्क वाचता न येणं. मेमरीत अर्धा बदल झालेला असतो, आणि तोच पुढे डिस्कवर उतरला तर डिरेक्टरी गेलीच.

एक्सएफएसमध्ये डिरेक्टरीच्या मांडणीची अशी रूपांतरं सर्वांत जास्त. लहान डिरेक्टरीची नावं थेट आयनोडमध्येच (प्रत्येक फाइल किंवा डिरेक्टरीची माहिती ठेवणारी नोंद) राहतात. ५१२ बाइटच्या आयनोडमधले १७६ त्याच्या स्वतःच्या नोंदींना लागतात. उरलेल्या ३३६ मध्ये वीस बाइटची नावं जेमतेम दहा-बारा मावतात. आणखी एक नाव आलं की यादी बाजूला कॉपी होते, आयनोडमधली जागा रिकामी केली जाते आणि नव्या ब्लॉकमध्ये सगळं पुन्हा लिहिलं जातं. जागा रिकामी झाली आणि ब्लॉकच मिळाला नाही, तर? तेव्हा एक्सएफएस ट्रान्झॅक्शन (एकत्र करायच्या बदलांचा गठ्ठा) रद्द करून अख्खी फाइलसिस्टीमच बंद करते. काम ठप्प होतं खरं, पण डिस्कवरची जुनी यादी शाबूत राहते. मला हाच बाणा पटतो.

ईएक्सटी४ मध्ये मोठा बदल एकदाच होतो, डिरेक्टरी एका ब्लॉकबाहेर गेली की हॅश-इंडेक्स (नाव पटकन शोधायची सूची) तयार होतो. तपासणीचं साधनही मुरलेलं आहे. मात्र एरर आल्यावर काय करायचं, याची मूळ सेटिंग ‘कंटिन्यू’, म्हणजे काम चालूच ठेवा, अशी असते. डेबियनचा इन्स्टॉलर रूट (मुख्य) पार्टिशनला ‘रिमाउंट-आरओ’ लावतो, म्हणजे एरर आली की फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. डेटाच्या पार्टिशनला ते तुम्ही स्वतः लावा, ते न लावता ईएक्सटी४ घेऊच नका.

बीटीआरएफएसला हा प्रश्नच पडत नाही. दहा नावं असोत की दहा लाख, नावं ठेवणारी झाडासारखी रचना तीच, आणि जुन्या पानावर न लिहिता नवं पान लिहिलं जातं. पण बिघडलंच तर तिच्या दुरुस्तीच्या आज्ञेबद्दल तिचं मॅन्युअलच सावध करतं. रोजचा बॅकअप असेल तरच ती घ्या.

ऑफिसात लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर ईएक्सटी४. सर्व्हरकडे बघणारा माणूस असेल तर एक्सएफएस. त्या माणसाला एवढं सांगून ठेवा: एक्सएफएसचं दुरुस्तीचं साधन, रिपेअर, लॉगमुळे (म्हणजे जर्नलमुळे) अडलं तर लगेच ‘-एल’ हा पर्याय देऊ नकोस, त्याने लॉग पुसला जातो. आधी माउंट कर, लॉगमधलं उरलेलं काम पुरं होऊ दे, अनमाउंट कर, मग रिपेअर.