फॉर्मल की स्मार्ट कॅज्युअल?

कुपवाड एमआयडीसीतल्या मुलाखतीच्या पत्रात ‘फॉर्मल’ असेल, तर फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, इस्त्रीची पँट, लेसचे बूट आणि बुटांच्याच रंगाचा पट्टा. टाय सांगितला असेल तरच.

‘स्मार्ट कॅज्युअल’मध्ये कॉलरचा टी-शर्ट, चिनोज (साधी सुती पँट), लोफर (बिनलेसचे बूट) चालतात. त्यातलं ‘स्मार्ट’ विसरून लोक फाटकी जीन्स नि चपला घालून जातात, तिथंच गडबड होते.

फॉर्मलची खरी परीक्षा मापाची. शिवण खांद्याच्या हाडावर संपावी, बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. शिवण दंडावर उतरली की महागडा शर्टही उसना वाटतो. बाही शिंपी सहज आखूड करतो, खांदा दुरुस्त करणं मात्र किचकट. म्हणून घेताना आधी खांदाच बघा. पत्रात काहीच लिहिलं नसेल, तर फॉर्मल घाला.