लिलावाची नोटीस की वारस फेरफार : दलालाकडे न आलेली मालमत्ता शोधण्याचे दोन मार्ग

एखादा प्लॉट किंवा घर दलालाच्या यादीत येण्याआधी आपल्याला कळावे आणि ते विकण्याची मालकाला खरोखर निकड असावी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. एक बँकांच्या ताबा व विक्री नोटिशींचा, दुसरा महसूल दप्तरातील वारस फेरफारांचा, म्हणजे मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावे लावण्याच्या नोंदींचा. मी पहिल्या मार्गाने तालुक्याच्या गावी एक गाळा आणि दुसऱ्याने त्याच तालुक्यात एक बिगरशेती प्लॉट घेतला, त्यामुळे पुढील मत त्या अनुभवापुरते मर्यादित आहे. सातबारा कसा वाचायचा आणि सूची क्रमांक दोन कशी काढायची, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

पहिल्या मार्गाचा आधार सरफेसी कायदा, म्हणजे थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा २००२ चा कायदा. कर्ज थकले की कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस निघते आणि त्यानंतरची ताबा नोटीस दोन दैनिकांत छापली जाते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असते. बहुतेक खरेदीदार विक्रीची नोटीस वाचतात. माझ्या मते वाचायची ती ताबा नोटीस. कर्जदाराला मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क विक्रीची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे ताबा नोटीस आणि विक्री नोटीस यांच्या मधल्या काळात विकण्याची निकड स्वतः कर्जदारालाच असते. मात्र मागणी नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून त्याला मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही, म्हणून बोलणी तिघांत करावी लागतात. हे जमले नाही की मामला ई-लिलावावर जातो. तिथे किंमत उघड असते, भावकीचा संबंध नसतो आणि विक्री प्रमाणपत्र थेट बँकेचा अधिकृत अधिकारी देतो. नोकरी सांभाळून गुंतवणूक करणाऱ्याला हा मार्ग सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे, आणि काही बाबतींत तो सोयीचा आहेही.

माझा कल बदलला तो एका शब्दामुळे : प्रतीकात्मक ताबा. नोटिशीत हा शब्द असला की बँकेने दारावर कागद चिकटवला आहे एवढेच समजायचे. आत कर्जदार, त्याचा भाडेकरू किंवा त्याचा माल तसाच असतो. बोली जिंकणाऱ्याने मात्र २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायची असते आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही, आणि रक्कम चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्यावर ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून एकूण ६० दिवसांत, आदेश व्हावा असे कायदा म्हणतो. माझ्या प्रकरणात आदेश झालाही, परंतु त्याची अंमलबजावणी कधी पोलीस बंदोबस्त नाही म्हणून, तर कधी अधिकारी निवडणुकीच्या कामावर आहेत म्हणून पुढे जात राहिली. विक्री प्रमाणपत्र दिवाळीच्या सुमारास हाती आले होते. किल्ली मिळाली ती पुढचा पावसाळा सरल्यावर. या काळात पूर्ण रक्कम गुंतलेली होती, भाडे शून्य होते आणि ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीमुळे गाळ्याची जुनी थकबाकीही माझ्याच माथी आली. बाहेर निघणाऱ्या कुटुंबाचे चेहरे पाहणेही सोपे नव्हते, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वारस फेरफाराच्या मार्गातही वेळ जातोच. खातेदार वारल्यावर वारसांच्या अर्जावरून नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, धरली जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. ‘आपली चावडी’ या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर गावनिहाय फेरफार क्रमांक, प्रकार आणि हरकतीची अंतिम तारीख दिसते. त्यानंतर १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून मी दोन गोष्टी पाहतो : नव्याने किती नावे लागली आणि इतर हक्कांत विकास सोसायटीचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का. नावे बरीच, कसणारा किंवा राहणारा कोणीच नाही आणि वर बोजा, असे असेल तर विक्रीचा विचार त्या घरात बहुधा आधीच चाललेला असतो. अर्थात फेरफार नोंद महसुलापुरती असते, तिने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून वंशावळ स्वतंत्रपणे तपासावी आणि मुलींची नावे वगळलेली नाहीत ना, हे आवर्जून पाहावे. शिवाय पहिल्या वर्गातील (मुले, पत्नी, आई अशा जवळच्या) एका वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार तो घेण्याचा अग्रहक्क इतर सहवारसांना असतो, त्यामुळे एकट्याकडून हिस्सा घेण्याच्या भानगडीत पडू नये.

मी घेतलेल्या प्लॉटच्या वारसांपैकी थोरल्या ताई मुंबईला राहत होत्या. पहिल्याच फोनवर त्या म्हणाल्या, “भाऊ, गावाकडे आता आमचं कोणी राहत नाही, विकायचंच आहे, पण धाकट्याची सही झाल्याशिवाय मी शब्द देणार नाही.” धाकटे बंधू परराज्यात होते, त्यांची समजूत पटायला बराच काळ गेला आणि मध्ये एकदा व्यवहार मोडल्यातच जमा होता. तरीही त्या सगळ्या काळात माझे पैसे माझ्याच खात्यात होते आणि व्यवहार फिसकटला असता तर माझे नुकसान सर्च रिपोर्टच्या (मालकीचे जुने दस्त तपासून वकील देतो त्या अहवालाच्या) फीपुरतेच झाले असते. विलंब दोन्हीकडे सोसावा लागला. लिलावात तो पैसे दिल्यानंतर सोसावा लागला, इथे पैसे देण्याआधी. माझ्यासारख्या मर्यादित भांडवलाच्या माणसाला हा फरक निर्णायक वाटतो.

शेतजमिनीसाठी तर वारस फेरफाराच्या मार्गाला पर्यायच नाही, कारण सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. अर्थात ती घेणारा शेतकरी खातेदार असावा लागतो. शहरातील सदनिकेच्या बाबतीत मात्र वारस नोंदी अशा गावनिहाय चाळता येत नाहीत, आणि तिथे लिलावाचे पारडे जड असू शकते. तसा विचार असेल तर नोटिशीत ‘प्रत्यक्ष ताबा’ असे स्पष्ट छापलेले आहे ना, ते पाहावे, ताब्याचा पंचनामा बँकेकडून मागून घ्यावा आणि कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज प्रलंबित आहे का, याचे उत्तर अनामत भरण्याआधी लेखी घ्यावे. वारसांकडे जाणाऱ्यांना माझी विनंती वेगळी आहे : दिवसकार्य आटोपून काही महिने जाऊ द्यावेत, पहिला फोन घरातील वडीलधाऱ्यांना करावा आणि त्यांनी नको म्हटले तर पुन्हा फोन करू नये.