डायव्हिंगचं सामान विमानाने न्यायचंय: चाकांची डाइव्ह बॅग, डफल की घरातली सुटकेस?

स्वतःचं बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं, हवा भरायचं जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन) आणि फिन्स (पोहताना पायात घालायची पाती) घेऊन झाले की पुढची खरेदी बॅगेची असते. तिथे बहुतेकांचा हात आधी 'डाइव्ह बॅग' म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या चाकांच्या बॅगेकडे जातो. कापड दणकट, कप्पे नेमके, फिन्सना वेगळी जागा, पाणी निथळायला तळाशी भोकं. वस्तू म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नाही. पण अशा बॅगा 23 किलोच्या नगाचा हिशोब धरून बनतात. मुंबई-पुण्याहून अंदमानला निघालेल्या माणसाला देशांतर्गत इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारणपणे मिळतात 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हातातले. आठ किलोंचा हा फरकच कुठली बॅग घ्यायची ते ठरवतो.

म्हणून ही तुलना मी एकाच प्रवासावर तपासली आहे: मुंबईहून विमानाने पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), तिथून गाडीने जेट्टी, फेरीने हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, आणि उतरल्यावर रिक्षाने डाइव्ह सेंटरपर्यंत. आपल्याकडच्या बहुतेकांचा स्वतःच्या सामानासह पहिला लांबचा प्रवास हाच असतो, आणि बॅगेची खरी परीक्षा इथेच होते.

आधी सामान काट्यावर ठेवा

सिलिंडर आणि शिशाची वजनं डाइव्ह सेंटर देतं, ती न्यायची नसतात. उरलेल्यात नेहमीचं बीसीडी 3 किलोंच्या आसपास, मागून पट्टा असलेले फिन्स 2 किलो, बूट जेमतेम 1 किलो. अंदमानचं पाणी उबदार असल्यामुळे 3 मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) पुरतो, तो दीड ते दोन किलो. पाण्यावर फुगवायचा एसएमबी (बोटीला आपली जागा दाखवणारी खुणेची नळी), त्याची रील, हूक, किरकोळ सुटे भाग मिळून अर्धा किलो. म्हणजे चेक-इनमध्ये जाणारं नुसतं डायव्हिंगचं सामान साडेआठ किलो झालं. त्यात चार-पाच दिवसांचे कपडे, चपला, टॉवेल, साबण-तेल असे 3 किलो मिळवा. साडेअकरा.

बॅगेच्या स्वतःच्या वजनासाठी उरले साडेतीन किलो.

आता बॅगा बघा. चाकांची डाइव्ह बॅग रिकामी 4 ते 5 किलो भरते, म्हणजे काउंटरवर साडेपंधरा ते साडेसोळा. 75 सेंटिमीटरची कडक सुटकेस रिकामी चारच्या आसपास, तीही काठावर. मधल्या मापाची सुटकेस तीन ते साडेतीन, कशीबशी बसते. बिनचाकी डफल (लांबट, मऊ कापडी बॅग) एक ते दीड किलोची, त्यामुळे सगळं भरूनही दोन किलो हाताशी राहतात. हे दोन किलो परतताना लागतात.

कारण परतीचं सामान ओलं असतं. वेटसूट रात्रभर टांगला तरी किनाऱ्यावरच्या दमट हवेत शिवणींमध्ये आणि गुडघ्यांच्या पॅडमागे पाणी राहतंच. बूट तर दोन दिवस वाळत नाहीत. बीसीडीच्या पिशवीत आत शिरलेलं पाणी काढायला ते फुगवून उलटं धरावं लागतं, तेव्हा नळीतून पाणी येतं ते बघून नवख्या माणसाला धक्का बसतो. हे सगळं करूनसुद्धा परतीचं वजन किलो-दीड किलोने वाढलेलं असतं. जाताना 15 वर काटा थांबला म्हणून खूश झालेला माणूस येताना काउंटरसमोर बॅग उघडून बसतो. आणि जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं तर पडणारा दर आणि काउंटरवरचा दर यांत चांगलाच फरक असतो. शिवाय काही विमान कंपन्या देशांतर्गत प्रवासात चेक-इनला एकच नग धरतात, त्यामुळे ओलं सामान दुसऱ्या पिशवीत काढून वाट निघेलच असं नाही.

चाकं कुठपर्यंत चालतात

चाकांच्या बाजूने बोलायचं तर मुंबई विमानतळ, पोर्ट ब्लेअरचं नवं टर्मिनल, दोन्ही ठिकाणी ती सुखाची. पाठीचा त्रास असेल, वय झालं असेल, तर हा मुद्दा छोटा नाही, आणि अशा माणसाला मी डफल घ्या असं सांगणार नाही. पण विमानतळावर ट्रॉली फुकट मिळते. चाकांची खरी गरज त्यापुढे असते: जेट्टीवर, फेरीच्या फळीवर, वाळूच्या पायवाटेवर. आणि नेमकी तिथेच चाकं कमी पडतात.

त्यातही चाकाचाकांत फरक आहे. डाइव्ह बॅगेची दोन चाकं मोठी, अर्धी बॅगेच्या आत बसवलेली असतात. खडबडीत सिमेंटवरून ती जातात. घरातल्या सुटकेसची चार फिरती चाकं लहान आणि बाहेर आलेली असतात. जेट्टीच्या दोन फरशांमधल्या फटीत असं चाक अडकलं आणि मागून लोक ढकलत असले की त्याचा दांडा वाकतो. माझ्या बडीच्या, म्हणजे डायव्हिंगमधल्या जोडीदाराच्या, बॅगेचं तसंच झालं आणि उरलेला प्रवास आम्ही ती दोघांनी दोन बाजूंनी उचलून केला. तीन चाकांवर ती बॅग सरळ उभीही राहत नव्हती. चाकं हवीच असतील तर दोन मोठी घ्या, चार छोटी नकोत.

डफल खांद्यावर किंवा पाठीवर जाते. बारा-तेरा किलो पाठीवर घेऊन जेट्टीवरून रिक्षापर्यंत चालणं धडधाकट माणसाला अवघड नाही, पण त्यासाठी पट्टे रुंद आणि गादीचे हवेत. नुसती नायलॉनची पट्टी खांद्यात रुतते. डेकॅथलॉनसारख्या दुकानात गिर्यारोहणाच्या विभागात मिळणाऱ्या डफलना असे पट्टे असतात, आणि त्या डाइव्ह बॅगांपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. माझा कल तिकडेच आहे.

आत सामान कसं बसतं

इथे सुटकेसची बाजू वरचढ आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. डफलला स्वतःचा आकार नसतो. मास्कची काच, टॉर्च, बीसीडीच्या प्लॅस्टिकच्या बकला यांना बाहेरून बसणारा दणका थेट आत पोचतो. फेरीवर बॅगा एकावर एक रचतात. तुमची तळाला गेली तर तिच्यावर आणखी दहा बॅगा बसतात. कडक सुटकेस हे सहन करते.

डफलमध्ये ते काम सामानाकडूनच करून घ्यायचं. मी भरते ती पद्धत अशी: तळाला वेटसूट, एकदाच दुमडून, पूर्ण लांबीत. दोन्ही बाजूंना एकेक फिन, पातं सपाट आणि पायाचा खोबणीचा भाग विरुद्ध दिशांना. हे झालं की बॅगेला दोन भिंती मिळतात. मधल्या खळग्यात बीसीडी, पाठीची कडक पट्टी खाली आणि नळी आत वळवून. बुटांच्या पोकळीत एसएमबी आणि रील. उरलेल्या फटीत कपडे, सगळ्यात वर टॉवेल. फिन्सच्या खोबणीत विकत घेताना आलेले प्लॅस्टिकचे साचे काढून टाकू नका. ते असले की रबर दबून वाकडं होत नाही. मास्क मात्र त्याच्या कडक डबीतच ठेवायचा, आणि जमलं तर हँडबॅगेत.

सुटकेसमध्ये आणि चाकांच्या डाइव्ह बॅगेत एक अडचण आहे, जी दुकानात लक्षात येत नाही. ओढायच्या दांड्याच्या दोन नळ्या आतल्या बाजूने तळातून जातात आणि तिथे दोन उंचवटे तयार होतात. फिन्स त्यांच्यावर सपाट बसत नाहीत, डुगडुगतात. आधी वेटसूट त्या उंचवट्यांच्या मधल्या चरात भरून तळ सपाट करून घ्यावा लागतो. त्या नळ्यांमध्ये बारीक वाळू आणि खारं पाणी शिरलं की दांडा वर-खाली होणं बंद होतं, हेही ध्यानात ठेवा.

चेनचंही तसंच. डाइव्ह बॅगेला जाड, मोठ्या दातांची प्लॅस्टिकची चेन असते, खाऱ्या पाण्याला ती पुरून उरते. साध्या बॅगेच्या धातूच्या सरकपट्टीवर एका सहलीत हिरवट-पांढरा थर येतो. मेणबत्ती घासली की चालते, पण मुळात बॅग घेतानाच बघा.

तिन्ही प्रकारांत उपयोगी पडणारी एक वस्तू म्हणजे जाळीची पिशवी. सुटकेसमध्ये किंवा डफलमध्ये ती घडी घालून जाते, तिथे पोचल्यावर बोटीवर ओलं सामान तिच्यातून न्यायचं, आणि मुख्य बॅग खोलीत कोरडी राहते. डाइव्ह बॅगेला तळाशी भोकं असतात म्हणून तीच बोटीवर नेणारे लोक दिसतात. पाच किलोची बॅग डाइव्ह बोटीवर सगळ्यांच्या पायात येते.

हातातले सात किलो

रेग्युलेटर चेक-इनमध्ये देऊ नका. ऑक्टोपस (श्वास घ्यायचं राखीव तोंड) आणि गेजसकट तो अडीच ते तीन किलो भरतो. त्यासोबत मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च, कॅमेरा. बॅग हरवली तर बीसीडी आणि वेटसूट भाड्याने मिळतात. आपल्या तोंडाला सवयीचा रेग्युलेटर आणि चेहऱ्यावर नेमका बसणारा मास्क मिळत नाही. सुरक्षा तपासणीत नळ्या आणि धातूचा गोळा स्क्रीनवर दिसला की बॅग उघडायला सांगतात, म्हणून तो सगळ्यात वर, पारदर्शक पिशवीत ठेवा आणि पाण्याखाली श्वास घ्यायचं साधन आहे असं सरळ सांगा.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाहीत, त्या हातातच. 100 वॉट-अवरपर्यंत सहसा प्रश्न येत नाही, त्यावर 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. प्रखर डाइव्ह टॉर्चची बॅटरी काढून, टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवायची. चुकून चालू झालेला टॉर्च पाण्याबाहेर भलताच तापतो. चाकू किंवा लाइन कटर मात्र चेक-इनमध्ये.

फक्त हँडबॅगेवर जाता येईल का, असं बरेच विचारतात. बीसीडी आणि वेटसूट भाड्याने घेणार असाल तर हो. अडतात ते फिन्स. 55 बाय 35 सेंटिमीटरच्या हँडबॅगेत कोपऱ्यातून कोपऱ्यात आतून जेमतेम 60 सेंटिमीटर मिळतात, आणि पट्ट्याचे मोठे फिन्स बहुधा त्याहून लांब असतात. आखूड, प्रवासी फिन्स असतील तरच हा बेत करा.

अंदमानपलीकडे

मालदीवला रिसॉर्टवर जाताना सीप्लेन असेल तर पुन्हा मर्यादा आवळते, 20 किलो चेक-इन आणि 5 किलो हातातले, म्हणून तिथेही हलकीच बॅग. आठवडाभर बोटीवरच राहायचं असेल तर प्रश्नच मिटला: खोलीत कडक सुटकेस ठेवायला जागा नसते, डफल रिकामी झाली की गुंडाळून बिछान्याखाली जाते. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटासाठी कोकण रेल्वेने मुरुडेश्वरला जाणाऱ्यांनाही बर्थखाली सरकणारी मऊ बॅग बरी. तारकर्ली-मालवणला गाडीनेच जाणार असाल तर बॅगेवर खर्च करू नका, प्लॅस्टिकचा क्रेट पुरतो.

चाकांची डाइव्ह बॅग घ्यावी ती अमेरिकेत राहून मेक्सिकोतल्या कोझुमेल किंवा कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाला जाणाऱ्यांनी. 23 किलोचा नग मिळतो, थंड पाण्यातही डायव्हिंग करत असाल तर जाड सूट असतो, आणि डाइव्ह सेंटरपर्यंत गाडी जाते. तिथे ती पाच किलोंची किंमत वसूल करते. फक्त लांबी, रुंदी, उंचीची बेरीज 158 सेंटिमीटरच्या आत आहे ना, हे चाकं आणि दांडा धरून मोजा. मोठ्या डाइव्ह बॅगा गच्च भरल्या की त्याबाहेर फुगतात.

राहिली घरातली सुटकेस. ती आधीच असेल, साडेतीन किलोंच्या आत असेल आणि पहिलीच सहल असेल, तर नवीन काही न घेता तीच न्या आणि वर एक जाळीची पिशवी घ्या. मुंबईचे असाल तर घरात व्हीआयपीची एखादी निघेलच. नवी घ्यायची ठरलीच, तर दुकानात जाताना स्वतःचे फिन्स बरोबर न्या, तळात सपाट बसतात का ते ठेवून बघा, आणि दुकानदाराला रिकामी बॅग काट्यावर ठेवायला सांगा. लेबलवर लिटर ठळक छापलेले असतात, किलो शोधावे लागतात.