बास ट्रॉम्बोन: अवलंबित व्हॉल्व्ह की स्वतंत्र?

बास ट्रॉम्बोन हे सरकत्या नळीचे (स्लाइडचे) खर्जाचे पितळी वाद्य. त्यावरचे दोन व्हॉल्व्ह, म्हणजे हवा जादा नळीतून वळवून स्वर उतरवणाऱ्या झडपा, अवलंबित किंवा स्वतंत्र रचनेत बसवतात. दोन्ही प्रकारांत पहिला व्हॉल्व्ह वाद्याचा मूळ स्वर बी-फ्लॅटवरून एफवर उतरवतो. फरक दुसऱ्यात आहे. अवलंबित रचनेत दुसरा व्हॉल्व्ह पहिल्याच्याच नळीवर बसवलेला असल्यामुळे तो एकटा दाबला तर काहीच घडत नाही, आणि दोन्ही दाबले की वाद्य बहुधा डीमध्ये जाते. स्वतंत्र रचनेत मात्र दोन्ही मुख्य नळीवर असतात, म्हणून दुसरा एकटाही, बहुतेक वेळा जी-फ्लॅटमध्ये, चालतो.

या एका जादा पर्यायाचे मोल वाजवतानाच कळते. खालचा जी-फ्लॅट किंवा त्यावरचा डी-फ्लॅट घेण्यासाठी एरवी स्लाइड पाचव्या स्थानापर्यंत न्यावी लागते. स्वतंत्र रचनेत पहिल्या व्हॉल्व्हवरचा अंगठा स्थिर ठेवून दुसऱ्यावरचे मधले बोट दाबले की तेच स्वर पहिल्या स्थानावर, म्हणजे स्लाइड पूर्ण आत असताना, मिळतात आणि फ्लॅटांनी भरलेले जलद तुकडे सुटसुटीत होतात. अर्थात, नवी स्थाने अंगवळणी पाडण्याचे कष्ट घ्यायची तयारी हवी.

उलट, स्वतंत्र रचनेत व्हॉल्व्ह न दाबताही श्वास दोन्हींतून जातो, अवलंबितमध्ये एकातूनच. त्यामुळे व्हॉल्व्हविना वाजवलेल्या मोकळ्या स्वरांत काही वादकांना अवलंबित रचना अधिक खुली वाटते. मुख्यतः वाद्यवृंदात मोकळा, भरदार स्वर हवा असेल, तर मी अवलंबित निवडेन.