दापोलीचं कृषी विद्यापीठ: एका बागायतदाराचा रिव्ह्यू

गावाकडे नवीन बाग लावणारे बरेच जण विचारतात की कलमं कुठून घ्यायची. माझं उत्तर ठरलेलं आहे, दापोलीचं विद्यापीठ नाहीतर त्यांचंच वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, आधी नोंदणी करून थांबावं लागलं तरी थांबा. काजूची वेंगुर्ला चार जात म्हणून लावलेलं कलम भलतंच निघालं तर ते कळेपर्यंत तीन-चार वर्षं गेलेली असतात, आमच्या वाडीत एका काकांचं एका खाजगी नर्सरीमुळे हेच झालं, पावतीसुद्धा नव्हती त्यामुळे भांडणार कुणाशी!

पूर्ण नाव डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, स्थापना 18 मे 1972. आंब्याची रत्ना जात इथली, नीलम आणि हापूसचा संकर, 1981 ची, दरवर्षी धरते आणि साका, म्हणजे गरात पांढरट स्पंजासारखा न पिकलेला भाग, होत नाही. हापूसमध्ये साका निघाला की गिऱ्हाईकाचं तोंड बघवत नाही हे आंबेवाल्यांना माहितीये. पुढे 1992 ला सिंधू आली, तिची कोय अगदीच पातळ. पण मला जातींपेक्षा त्यांच्या छोट्या छोट्या गोष्टींचं जास्त कौतुक आहे. नूतन झेला घ्या, बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं, आंबा देठासकट कापला जातो आणि जाळीत पडतो, देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही आणि पेटीला भाव नीट मिळतो. फळमाशीसाठीचा रक्षक सापळा पण त्यांचाच.

कल्टार, म्हणजे आंब्याला नियमित मोहोर यावा म्हणून देतात ते वाढ रोखणारं औषध, तेही विद्यापीठाच्या शिफारशीतलं. शिफारस स्पष्ट आहे, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे 3 मिली, पाण्यात मिसळून बुंध्याभोवती गोल खड्डे मारून द्यायचं. तरी आपल्याकडे अंदाजाने बाटली ओतणारे कितीतरी, मग मोहोर आखडतो, झाड खचतं आणि दोष विद्यापीठाला. शिफारस पोचते पण अर्धी पोचते, हे माझं मुख्य दुखणं आहे.

आता ही शिफारस येते कुठून ते पण कळायला हवं. राज्यपाल कुलपती, कृषिमंत्री प्रतिकुलपती, रोजचा कारभार कुलगुरूंकडे, अभ्यासक्रम विद्या परिषद ठरवते आणि पैसा, पदं वगैरे कार्यकारी परिषद, हे सगळं 1983 च्या कायद्याप्रमाणे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशा चारही विद्यापीठांचा समन्वय पुण्याची कृषी परिषद बघते. नवीन जात किंवा शिफारस असली की वर्षानुवर्षं चाचण्या, मग चौघांची मिळून जॉइंट ॲग्रेस्को, म्हणजे संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीची बैठक, तिथे बाकीच्या विद्यापीठांचे शास्त्रज्ञ उलटतपासणी घेतात, तिथून पास झालं तरच आपल्यापर्यंत येतं. लोक म्हणतात फार वेळ लावतात, पण काजू-आंबा म्हणजे आयुष्यभराचं झाड, तिथे वेळ लावलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

अडतं ते माणसांवर. रिक्त पदांचा प्रश्न चारही कृषी विद्यापीठांचा जुनाच आहे, आणि पद रिकामं म्हणजे एका शास्त्रज्ञाच्या डोक्यावर वर्ग, प्रयोगाचं क्षेत्र आणि शेतकऱ्यांचे फोन असं तिन्ही. सरकारने भरती करायला हवी, यात दुसरं मत असूच शकत नाही.

म्हणूनच मला ॲग्रीची पोरं महत्त्वाची वाटतात. रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, सातव्या सेमिस्टरला ही मुलं गावात येऊन शेतकऱ्याला जोडली जातात. आमच्याकडे आलेल्या मुलींनी सुपारीच्या कोळेरोगासाठी (बुरशीने फळं गळतात तो) बोर्डो हे बुरशीनाशक करून दाखवलं, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र. त्यात लोखंडी खिळा बुडवला तर तांबूस थर चढला, म्हणजे चुना कमी, अजून चुन्याची निवळी घातली, परत खिळा, आता स्वच्छ. आमचे आबा आयुष्यभर बोर्डो मारत आलेत, त्यांनी खिळा हातात घेऊन दोनदा निरखून बघितला आणि त्यानंतर प्रत्येक फवारणीला खिळा लागतोच!

ॲडमिशनचं विचारणाऱ्या पालकांसाठी थोडक्यात: सीईटी द्यावी लागते, कृषी सोडून उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी आणि रत्नागिरीत शिरगावला मत्स्य पण आहे. शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचे फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तहसीलला गर्दी असते.

आणि रावेची मुलं तुमच्या गावात आली तर त्यांना देवळात भाषण करायला लावून परत पाठवू नका, बागेत न्या, मोहोर दाखवा, प्रश्न विचारा. त्यांना नाही आलं तर ती सरांना विचारून येतात, आमच्याकडे आलीयेत. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, उरलेला पदं भरल्यावर.